बोट पोहोचवायला (डिलिव्हरीला) जाण्याआधी
कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियापर्यंत साधारण 2700 सागरी मैल. आरवायए (ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन) हिच्या यॉटमास्टर ओशन या खोल समुद्रातल्या स्किपरच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला लागणारे सलग 600 मैल आणि 96 तास त्यात सहज भरतात, किनाऱ्यापासून 50 मैलांहून दूरचे 200 मैलही. घोडं पेंड खातं ते दुसरीकडेच. बोट पोहोचवणाऱ्या स्किपरला घाई असते, त्याला फक्त हात हवे असतात. तुला मात्र नियोजनात वाटा आणि वॉचची (पाळीने बोट सांभाळण्याची) जबाबदारी हवी. हे निघण्याआधीच त्याच्याशी ठरव. नुसता डेकहँड म्हणून कापलेलं अंतर धरत नाहीत.

सेक्स्टंट (क्षितिजापासून सूर्याची उंची मोजायचं उपकरण) बहुधा तुलाच न्यावा लागेल. सकाळचा सूर्य, मध्यान्हीची उंची आणि सूर्याच्या दिगंशावरून (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेवरून) कंपासची तपासणी, एवढं तरी हवंच. पुढे ढग येतील, म्हणून पहिल्याच स्वच्छ दिवशी सुरू कर. आकडेमोड खाडाखोडीसकट जपून ठेव (घरी बसून उतरवलेली सुबक वही परीक्षकाला खटकते). घड्याळाची चूक रोज नोंदव. घड्याळ 4 सेकंदांनी चुकलं तर रेखांश एका कोनीय मिनिटाने (अंशाच्या साठाव्या भागाने) सरकतो.

परतीचं तिकीट कोण देणार, लाइफराफ्टची (जीवरक्षक तराफ्याची) सर्व्हिस कधी झाली, हे न लाजता विचार. टाळाटाळ झाली तर दुसरी बोट बघ.