प्लॉटधारकांच्या सोसायटीचे नवे सचिव झालात, तर

सगळ्यात आधी दप्तर ताब्यात घ्या. यादी करून, जुन्या सचिवांच्या सहीनिशी. इतिवृत्ताची, म्हणजे सभांच्या नोंदींची, वही पानन् पान वाचा. तुमच्या काळात दोन ठरावांमध्ये मोकळी जागा सोडू नका. तिथे मागाहून एखादी ओळ घुसते आणि वर्षानुवर्षांचं भांडण लागतं.

बंगल्यांच्या सोसायटीत खरी डोकेदुखी थकबाकीची. लिफ्ट नाही, जिना नाही, मग मेंटेनन्स कसला, असं लोकांना मनापासून वाटतं. पण आतले रस्ते, दिवे, गटारं, पाण्याची टाकी कोण सांभाळणार? रिकाम्या प्लॉटचा मालक तर हमखास म्हणतो, "मी राहतच नाही." त्याच्याशी गेटवर वाद घालू नका. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमांप्रमाणे, सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने, कमाल मर्यादेच्या आत, सरळव्याज लावा आणि लेखी नोटीस द्या. तरी भरत नसेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154ब-29 खाली निबंधकांकडे (सहकार खात्याचे अधिकारी) वसुली दाखल्यासाठी, म्हणजे थकबाकी वसूल करण्याच्या अधिकृत आदेशासाठी, अर्ज करा. नोटिशीची पोच मात्र जिवापाड जपा, तिच्याविना तुमची बाजू लंगडी पडते.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत, 14 पूर्ण दिवसांची नोटीस देऊन. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले म्हणजे ठराव झाला नाही.

आणि हिशेब मागणाऱ्या सभासदाला विरोधक समजू नका हो! कागद बघणं हा त्याचा हक्क आहे. वेळ ठरवून बोलवा, वह्या समोर ठेवा, विचारेल ते सांगा.