बीगलला कुठलं खेळणं द्यायचं?

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरला सुदामानगरमध्ये राहतो, घरी सव्वा वर्षाचा बीगल आहे. आम्ही दोघं नोकरीवर, दिवसभर सासूबाई असतात पण गुडघ्यांमुळे त्यांना त्याच्यामागे पळवत नाही आणि या उन्हात दुपारी बाहेर नेणं शक्यच नाही. आपोआप पळणारा बॅटरीवाला बॉल आणला तर त्याच्यावर नुसता भुंकला आणि मग फोडायलाच लागला. सोफ्याचा कोपराही कुरतडलाय. काय घेऊ?

उत्तर: आधी तो बॉल उचलून ठेवा, आजच. आतला सेल चावला किंवा गिळला तर तोंड आणि अन्ननलिका आतून भाजते, बटण सेल तर फारच वाईट.

बीगल ही सशाचा माग वासावरून काढायला तयार केलेली जात, दिवसभर नाकाला काम नसेल तर तो सोफा उकरणारच, त्याला रागावू नका. म्हणून मी म्हणेन पळणारं खेळणं नकोच, खाणं शोधून काढावं लागेल असं द्या. जाड रबराचं पोकळ काँग मिळतं बघा, 1970च्या दशकात अमेरिकेतल्या जो मार्कहॅमनी काढलं, त्यांचा जर्मन शेफर्ड गाडीचा रबरी पार्ट चघळत बसायचा त्यावरून सुचलं. ते घ्या. अख्खं तोंडात जाईल इतकं लहान नको, आणि अंगठ्याच्या नखाने दाबून बघा, जरासुद्धा दबत नसेल तर दातांना कडक आहे. आत त्याचंच रोजचं खाणं थोड्या दह्यात कालवून भरा. सुरुवातीला सैलसर भरा, पटकन निघालं पाहिजे नाहीतर वैतागून सोडून देतो, मग जमायला लागलं की फ्रीजरमध्ये गोठवून दुपारी द्यायचं, मे महिन्यात गारही वाटेल. तेवढं खाणं वाटीतून कमी करा हं, बीगल फार लवकर अंगाने सुटतो.

खर्च नको असेल तर घरातलं बिडाचं अप्पेपात्र काढा, एकाआड एक खळग्यात त्याच्या रोजच्या खाण्याचे दोन-दोन दाणे टाकून वर टेनिस बॉल ठेवा, तो नाकाने बॉल सरकवून खाईल. खेळ संपला की बॉल लगेच आत ठेवा, त्याची लव चघळून दात झिजतात.

आणि रविवारचे पोहे काँगमध्ये भरू नका, कांदा कुत्र्याला विषारी आहे, मनुका, द्राक्षं, चॉकलेट पण नाही. पीनट बटर आणलंत तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, कुत्र्याला विषारी) नाही ना, हे डब्यावर बघूनच द्या.

सासूबाईंसाठी तर सोपं आहे, त्याला बाल्कनीत बंद करायचं, खुर्चीवर बसल्या बसल्या उशीखाली, पायपुसण्याखाली, टेबलाच्या पायाशी दाणे ठेवायचे आणि दार उघडून "शोध" म्हणायचं. दुपारी बाल्कनीची फरशी तापते, तेव्हा त्याऐवजी आतल्या खोलीत ठेवा.