ड्युसेनबर्ग जे आणि एसजे: बाहेरच्या नळ्यांवर जाऊ नका

तुम्ही विचारलंय की बॉनेटच्या बाजूतून चार जाड क्रोमच्या नळ्या बाहेर आलेल्या दिसल्या म्हणजे ती ड्युसेनबर्ग या जुन्या अमेरिकी आलिशान गाडीचं एसजे मॉडेलच समजायचं का, आणि साध्या जे मॉडेलपेक्षा तिच्यात वेगळं काय.

नाही समजायची. एसजेत सुपरचार्जरने, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंपाने, इंजिनाशेजारची जागा अडवली, म्हणून धुराच्या नळ्या बाहेर काढाव्या लागल्या. पण त्या इतक्या झोकदार दिसल्या की जेवाल्यांनीही जादा पैसे मोजून बसवून घेतल्या.

मूळ इंजिन एकच. 1928च्या डिसेंबरात आलेल्या जेचं: सरळ रांगेत 8 सिलिंडर, 6.9 लिटर, माथ्यावर व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला 4 व्हॉल्व्ह. क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, थरथराट मारायला त्याला चक्क पारा भरलेली नळकांडी बोल्टने जोडलेली. कंपनीचा दावा 265 अश्वशक्तीचा. 1932च्या एसजेचा 320चा.

ही वाढ कुठे मिळते ते महत्त्वाचं. सुपरचार्जर सेंट्रिफ्यूगल जातीचा आहे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पंख्याने हवा बाहेर फेकून दाबणारा. इंजिनाच्या मिनिटाला 4000 फेऱ्यांना तो चौरस इंचाला साधारण 5 पौंड दाब देतो. अशा पंख्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 2000 फेऱ्यांना जेमतेम सव्वा पौंड. गावात, रहदारीत दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच. मोकळ्या रस्त्यावर इंजिन ताणलं की एसजे सुटते. गिअर दोन्हीत तीनच. नुसती चालवायला घ्यायची तर मी जेच सुचवीन, सांभाळायला एक भानगड कमी.

आता खरी मेख. दाब वाढला की भार वाढतो, म्हणून एसजेत पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे कनेक्टिंग रॉड पोलादी नळीचे आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा जास्त कडक घातल्या. जेवर मागाहून सुपरचार्जर चढवलेल्या गाड्या बऱ्याच आहेत. तिथे हे आतले भाग बदललेत का ते आधी विचारा. जुन्याच रॉडवर जोर काढायला गेलात तर इंजिन हातचं जाईल. दुसरं म्हणजे, या गाड्यांत इंजिनांची अदलाबदल खूप झाली. म्हणून चासिसचा (गाडीच्या सांगाड्याचा), फायरवॉलवरचा (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावरचा) आणि इंजिनाचा असे तिन्ही नंबर जुन्या नोंदींशी ताडून बघा. जे आणि एसजे मिळून 480च्या आसपास गाड्या बनल्या, त्यांत कारखान्यातूनच सुपरचार्जर घेऊन निघालेल्या जेमतेम 36. विकणारे अर्थात यापेक्षा जास्त एसजे दाखवतात.

अस्सल एसजेचा नमुना हवा असेल तर इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर यांची गाडी बघा, इंजिन नंबर जे-585. नारिंगी-काळी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बनवणाऱ्या कंपनीची. बसायला दोघं, आणि पुढच्या-मागच्या चाकांत अंतर पावणेतेरा फूट!