माती ओली असूनही जास्वंद दुपारी मान का टाकते?

घणसोलीत बाराव्या मजल्यावर पश्चिमेची गॅलरी, बोट घातलं तर माती ओली, तरी जास्वंद रोज दुपारी तीनला मान टाकते आणि रात्री आपोआप ताठ होते. मग पाणी वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. वाढवू नका. मी वाढवलं होतं.

आम्ही ठाण्यात मानपाड्याला राहतो, गॅलरी तुमच्यासारखीच पश्चिमेची. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात जास्वंद मलूल दिसली की मी तांब्याभर पाणी ओतायचो, दुपारी एकदा आणि संध्याकाळी परत. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळाली. कुंडी उपडी केली तर मुळं काळी, बुळबुळीत आणि गटारासारखा वास. तहानेनं नाही, बुडून मेली बिचारी.

पानाच्या खालच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, पर्णरंध्रं. झाड त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, पण दार उघडलं की आतली वाफही निसटते. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असंच हवेत जातं. हे निव्वळ नुकसान समजू नका. वरून पाणी उडतं म्हणून तर खालचं पाणी क्षारांसकट खोडातून वर खेचलं जातं, आणि पानही थंड राहतं.

दुपारी मात्र खर्च जमेच्या पुढे जातो. कुंडीतली मुळं तेवढ्या वेगानं पाणी पुरवू शकत नाहीत, पेशींतला दाब उतरतो आणि पान लोंबतं. रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशीही ढिल्या पडतात, भोक मिटत जातं. लोंबलेल्या पानावर ऊनही तिरकं पडतं. रात्री रंध्रं बंद असताना मुळं तूट भरून काढतात. बाराव्या मजल्यावर त्यात वाऱ्याची भर: पानालगत साचलेला दमट हवेचा पातळ थर तो सतत उडवून नेतो. येऊरचे साग उन्हाळ्यात पानंच टाकून मोकळे होतात. जास्वंदीला ती सोय नाही.

किती पाणी जातं हे बघायचं असेल तर कुंडी तोला. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाची कुंडी वरून झाकून, तोलून हेच मोजलं आणि १७२७ मध्ये आकडे छापले. मी नव्या जास्वंदीची कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड खोडाभोवती घट्ट बांधलं, म्हणजे मातीतलं पाणी उडायला नको, आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, २४० ग्रॅम घट! पेलाभर पाणी निव्वळ पानांतून. (काटा पुसून जागेवर ठेवायचा राहिला, त्यावरून घरात जे ऐकलं ते वेगळं.) जुलैतल्या एका झाकोळलेल्या दिवशी परत तोललं तर काटा जेमतेम हलला. म्हणून पावसाळ्यात मेच्या सवयीनं पाणी घालत बसू नका.

झाडाची परीक्षा दुपारी करूच नका, सकाळी सातला करा. तेव्हाही मान खाली असेल तर दोन बोटं खोल उकरून बघा. कोरडं लागलं तर पाणी हवंय. ओलं लागलं तर मुळं सडायला लागली असतील. पाणी थांबवा, कुंडीखालचं भोक तुंबलंय का पाहा.

सकाळी ताठ असेल तर फक्त दुपारपुरती हिरवी जाळी लावा आणि पाणी सकाळीच, एकदाच घाला. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या तर बरं, पण त्यानं मातीतलं पाणी टिकतं, पानांतून जाणारं नाही. एसीचं बाहेरचं युनिट त्याच गॅलरीत असेल तर कुंडी त्या गरम झोतापासून हलवा. जागाच नसेल तर कुंडीच्या बाजूला एखादी फळी उभी करा, फक्त युनिटची हवा कोंडू देऊ नका.