पिनकोड बरोबर आहे, पण बाकी पत्ता अपुरा आहे. पत्र पोहोचेल का?

खेड्यात पाठवलं असेल तर बहुतेक पोहोचेल, पण 'पो.' नीट लिहिलंय का ते आठवा. लोक 'मु. पो.' एका दमात लिहून टाकतात. मुक्काम एका गावी आणि पोस्ट शेजारच्या गावी असेल, तर दोन्ही वेगळं लिहायचं असतं. गावातल्या शाखा डाकघराला स्वतःचा पिन नसतो, वरच्या उपडाकघराचाच चालतो. सहा आकडे पत्राला तिथवर नेतात. पुढे कुठल्या गावच्या थैलीत टाकायचं, ते 'पो.' सांगतं.

माझे वडील गावात टपाल वाटायचे. 'विहिरीजवळचे गुरुजी' एवढ्या पत्त्यावर त्यांनी पोस्टकार्ड पोचवलेलं मी पाहिलंय. १९९४ साली ताईच्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते मी घातले. वडिलांच्या मावसभावाचा पत्ता वहीत होता तसा उतरवला: मु. पो. वडगाव, जि. पुणे. तालुका नाही, पिन नाही. आता पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ आहे, वडगाव निंबाळकर आहे, वडगाव रासाई आहे, वडगाव बुद्रुक आहे. पत्रिका गेली ती गेलीच. बुक पोस्टाची, म्हणजे कमी दराच्या उघड्या पाकिटातली, वर आमचा पत्ताही नाही, परत तरी कशी येणार?

काका लग्नाला आले नाहीत. पुढे प्रत्येक कार्यात चारचौघांत ऐकवायचे, "पोस्टमनच्या घरची पत्रिका पोस्टात हरवते!" वडील गप्प बसायचे. वहीतला तो पत्ता काकांच्याच अक्षरात होता, हे त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. मी काढतो. एकाच नावाची गावं शेकड्यांनी, म्हणून तर टपालखात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी पिन आखला. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू आहे. बावीस वर्षांत स्वतःच्या गावचे सहा आकडे पाठ होत नाहीत, त्याने टपालखात्याला नावं ठेवू नयेत.

तेव्हा ज्याला पत्र पाठवताय त्याच्याकडूनच पत्ता लिहून घ्या, आणि तो कागद जपून ठेवा. पाकिटावर स्वतःचा पत्ता घाला.

हां, हे सगळं खेड्याचं. शहरात सोसायटीचं नाव आहे आणि फ्लॅट नंबर नाही, असं असेल तर पोस्टमन चार मजले दारं ठोठावत बसणार नाही. 'अपुरा पत्ता' शेरा मारून परत पाठवेल. त्यात त्याची चूक नाही.