आई एकदाच म्हणाली, "बडोद्याला जाऊ"

प्रिय मावशी,
मी ठाण्यात राहते, वय ४१. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. आई ६९ वर्षांची, नाशिकला दादाकडे असते. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघींनीच कुठेतरी जाऊन यावं असं मनात आहे. गेल्या वर्षी तिला हैदराबादला नेलं होतं. सालारजंग संग्रहालयात ती अर्ध्या तासात बाकावर बसली आणि म्हणाली, "तू बघून ये." मी चारचौघांत तिच्यावर चिडले. उरलेले दोन दिवस ती गप्प होती. या वेळी सगळं नीट व्हावं म्हणून दिल्ली-आग्रा-जयपूर असा सहा दिवसांचा बेत केलाय. गुरुवारी रात्री आग्रा, शुक्रवारी ताजमहाल. तर ती म्हणते, "कशाला एवढा खर्च? माझे गुडघे कुठे चालतात?" दादा म्हणतो, तिला दम्याचा त्रास आहे, या थंडीत फरफट कशाला? एकदा ती म्हणाली होती, बडोद्याला जाऊ, लहानपणी आम्ही दांडिया बाजारात मामाकडे सुट्टीला जायचो, तिथल्या बागेत देवमाशाचा सांगाडा होता. पण बडोद्यात चार दिवस काय करणार? तिनं आयुष्यभर काही पाहिलं नाही, मला तिला काहीतरी मोठं दाखवायचंय. माझं चुकतंय का?
– एक लेक

लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला फक्त गुडघे, खर्च आणि दादा दिसले. दुसऱ्यांदा मात्र बडोद्यापाशी थांबले. जी बाई प्रत्येक गोष्टीला "कशाला" म्हणते, तिनं आपणहून एका गावाचं नाव घेतलंय. आपल्या आयांची ही पिढी स्वतःसाठी मागत नाही. मागितलंच तर एकदाच, तेही ओट्याशी पाठमोरं उभं राहून, आणि आपण "बघू" म्हटलं की विषय संपतो. देवमाशाचा सांगाडा साठ वर्षं जिच्या डोळ्यांपुढे आहे, तिला तिथे जायचंय गं. अगदी मनापासून जायचंय.

आधी तुझ्या बेताचं बोलते, कारण त्यात मला काळजी वाटते. डिसेंबरच्या शेवटी दिल्लीत धुकं उतरतं, गाड्या तासन्‌तास रखडतात, विमानांचंही तेच. हवा तर इतकी खराब असते की धडधाकट माणसंही खोकत असतात. दम्याच्या माणसाला त्या आठवड्यात तिथे नेऊ नये, हे मी स्पष्टच सांगते. शिवाय ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. सहा दिवसांत तीन शहरं म्हणजे दर दुसऱ्या दिवशी बॅग भरायची, आणि ज्या आईचे गुडघे दुखतात तिची निम्मी सहल पायऱ्या आणि फलाट चढण्या-उतरण्यात जायची. दादाचं म्हणणं या एका बाबतीत बरोबर आहे. तिला घराबाहेर काढूच नये असा त्याचा अर्थ घेऊ नकोस.

बडोद्यात चार दिवस काय करणार, असं विचारतेस. चार दिवस पुरे पडले तर मला सांग.

मुंबईपासून चारशे किलोमीटरच्या आत, दिवसाच्या गाडीनं पाच-सहा तास. डिसेंबरच्या सकाळी अंगावर शाल लागते, दुपारी उन्हात बसावंसं वाटतं. ज्या कमाटीबागेबद्दल आई बोलतेय, ती १८७९ साली सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी खुली केली. सयाजीबाग हे तिचं नाव, पण जुनी माणसं कमाटीबागच म्हणतात. तिच्यातल्या संग्रहालयात तो देवमासा आहे. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहत आला होता. आईनं पाहिला तेव्हा त्याला येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. तिथेच इजिप्तची ममीही आहे. देवमाशाच्या सांगाड्याखाली आई उभी राहील तेव्हा फोटोची घाई करू नकोस.

लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पूर्ण झाला. त्याच आवारातल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. त्यांच्या छापील तसबिरी आपल्या आज्यांच्या भिंतीवर असायच्या, आईला त्या नक्की ओळखू येतील. आणि हे तिला जरूर सांग: हे सगळं उभं करणारे सयाजीराव तिच्या नाशिक जिल्ह्यातले, मालेगावजवळच्या कवळाण्याचे. बारा वर्षांचं शेतकऱ्याचं पोर १८७५ साली दत्तक गेलं आणि राजा झालं. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींचंसुद्धा. १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय काढलं. तिथल्या पुस्तकांच्या दालनांत जमीन काचेची आहे, खालच्या मजल्यावरही उजेड पोचावा म्हणून. मला स्वतःला त्या शहरात हीच वास्तू सगळ्यात प्रिय आहे. कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, तीही बघून घ्या. सगळीकडे जायच्या आधी उघडं-बंदचे वार तेवढे फोनवरून विचारून ठेव.

पण यातलं एक ठिकाण राहिलं तरी चालेल. दांडिया बाजार राहता कामा नये.

तिथे पहिल्याच सकाळी जा. तिकडे, शेजारच्या रावपुरा आणि वाडी या भागांत अजून मराठी घरं आहेत. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, ते उगाच नाही. मामांचं घर कदाचित नसेल. जुना वाडा पडून तिथे इमारत उभी असेल, खाली मोबाइलचं दुकान असेल. याची मनाची तयारी तू कर, आईची मुद्दाम करायला जाऊ नकोस. तिला तिथे उभं राहू दे. रडली तर रडू दे. "चल, पुढचं बघू" हे त्या गल्लीत म्हणू नकोस. रस्ता कुठे वळतो, सुरसागर तलाव कुठल्या बाजूला, शेवउसळ कुठे मिळायची, हे तिला सांगू दे. चुकली तर चुकू दे, रिक्षावाला वाटेवर आणेल. मोबाइलवरचा नकाशा पर्समध्ये ठेव. हैदराबादेत तू पुढे होतीस आणि ती मागून येत होती. इथे तिला पुढे चालू दे.

हे मी अनुभवातून सांगतेय. माझ्या आईला मी म्हैसूरला नेलं होतं. सकाळी देवराज मार्केटात ती मोगऱ्याच्या माळा गुंफणाऱ्या बायकांपाशी उभी राहिली, आणि पाच मिनिटांत मी तिला ओढून राजवाड्याकडे नेलं. पुढे राजवाड्याबद्दल ती कधी बोलली नाही. त्या माळांबद्दल मात्र शेवटपर्यंत बोलत राहिली. ते मार्केट तिला अर्धा तास द्यायला हवं होतं, ही रुखरुख मला आजही आहे.

दिवसाला एकच मोठं ठिकाण ठेव, तेही सकाळी. दुपारी जेवून खोलीवर येऊन दोन तास आडवं व्हायचं, तूसुद्धा. संध्याकाळी बाहेर पडायचं. हॉटेल निवडताना लिफ्ट, कमोड आणि सकाळी लवकर गरम पाणी या तीन गोष्टी विचार. खाटा वेगळ्या घे, दोघींची झोप नीट होईल. गोळ्या आणि इन्हेलर हातातल्या पर्समध्ये असू दे, आणि निघण्याआधी तिच्या डॉक्टरांना एकदा दाखवून ये. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं आणि नाताळात जागा पटापट भरतात, त्यामुळे आता चालढकल नको. हिवाळा आहे, उंधियू मिळेल, तिथला लीलो चिवडो, म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा, मिळेल. तेलकट म्हणून तिच्या ताटावर लक्ष ठेवत बसू नकोस.

खर्चाचं म्हणशील तर तिकीट आणि हॉटेल तू कर, पण रिक्षा, चहा, खाऊ, दादाच्या मुलांसाठी काही घ्यायचं असेल ते, हे पैसे तिला देऊ दे. बाबांच्या मागे तिच्या हातून खर्च व्हायच्या जागाच उरल्या नाहीत. "राहू दे गं, मी देते" हे आपण प्रेमानं म्हणतो, पण आईच्या मनाला ते लागतं.

आणि हैदराबादचं. तुझं चुकलं होतं आणि तुला ते ठाऊक आहे, नाहीतर पत्रात लिहिलं नसतंस. गाडीत बसल्यावर एका वाक्यात म्हण, "आई, त्या वेळी मी तुला बोलायला नको होतं." कारणं देऊ नकोस. ती बहुतेक "जाऊ दे गं" म्हणेल आणि डबा उघडेल. तिथे विषय थांबव.

दादाशी वाद घालू नकोस. दिल्ली रद्द केली आणि का, ते त्याला सांग. आईला ठाण्यापर्यंत आणून सोडायचं काम त्याच्याकडे दे. काळजी करणाऱ्याला काम मिळालं की विरोध पुष्कळ कमी होतो.

"बडोद्याला जायचं का?" असं तिला विचारू नकोस, ती नाही म्हणेल. आज रात्री जेवणं आटोपली की नाशिकला फोन लाव आणि विचार, "आई, मामांच्या घरातून कमाटीबागेत तुम्ही चालत जायचात की टांग्यानं?" मग फोन कानाला लावून बसून राहा.

– तुझी मावशी