काळा, कृष्ण की गडद?

विचारणा अशी आहे: "डार्क कॉमेडीला मराठीत नेमकं काय म्हणावं? चित्रपटांच्या वर्णनांत 'गडद विनोदी', 'काळा विनोदी' आणि 'कृष्णविनोदी' असे तिन्ही शब्द दिसतात. बरोबर कोणता? आणि 'डार्क कॉमेडी' तसंच ठेवलं तर त्याचं लिंग कोणतं धरावं?"

'गडद' आधी खोडून टाका, निम्मं काम तिथेच होईल. गडद हा रंगाचा दाटपणा आहे, काळेपणा नव्हे. गुलाबी गडद असतो, पिवळाही असतो. 'गडद विनोदी चित्रपट' वाचलं की कुणीतरी विनोदात पाणी कमी घातलंय एवढंच मला दिसतं. कुणा अनुवादकाने कोशात 'डार्क'समोरचा पहिला शब्द उचलला असणार, आणि आता तो एका वर्णनातून दुसऱ्यात झिरपत चाललाय.

'काळा विनोदी चित्रपट' व्याकरणात बसतं, अर्थात बसत नाही. 'जुना पुस्तकी वाद' म्हटलं तर जुनं काय? वाद. पुस्तक काल छापलेलं असू शकतं. तसाच इथला 'काळा' विनोदावरून उडी मारून थेट चित्रपटाला चिकटतो. 'काळ्या विनोदाचा चित्रपट' लिहा. जरा लांब पडतं, पण नीट पोचतं.

'कृष्णविनोद' हे कोशकारांचं लाडकं बाळ. कृष्णविवर खपलं म्हणून हेही खपेल असा त्यांचा होरा. पण विवराला दुसरा अर्थ चिकटायला जागा नव्हती. 'कृष्णविनोद' कानावर पडला की तो सरळ कृष्णलीलेच्या शेजारी जाऊन बसतो; कर्मधारय (काळा असा विनोद) ऐकायचा की षष्ठी तत्पुरुष (कृष्णाचा विनोद), हे ऐकणाऱ्याला कुणी सांगायचं? त्यातून चित्रपट म्हटला की 'कृष्णधवल' आधीच हजर. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' हा १९४९चा ब्रिटिश चित्रपट घ्या. सरदारकीच्या वाटेतले नातेवाईक एकेक करून कमी करणारा सभ्य तरुण, आणि त्या घराण्यातले आठ जण, त्यांत एक बाईसुद्धा, एकट्या अ‍ॅलेक गिनेसने रंगवलेले. याची ओळख 'कृष्णधवल कृष्णविनोदी चित्रपट' अशी करून द्यायची? मी तरी देणार नाही.

'काळा विनोद'वर आक्षेप असा की काळा बाजार, काळा पैसा यांतला काळा म्हणजे चोरटा, मग काळा विनोद म्हणजे चोरलेला विनोद वाटेल. काळा दिवस काय चोरलेला असतो?

आता ज्याने माझं डोकं उठतं ते. कुणी कुणाच्या व्यंगावर, रंगावर, घरातल्या मृत्यूवर काहीतरी फेकतो, समोरचा गप्प होतो, आणि फेकणारा म्हणतो, "डार्क ह्युमर आहे रे, तुला झेपत नाही." अरे, याला मराठीत कुचेष्टा म्हणतात. हेटाळणी म्हणतात. टवाळी म्हणतात. इतके चांगले देशी शब्द उपाशी बसलेले असताना परक्या शब्दाचा बुरखा कशाला?

फरक कुठे आहे ते मनोविश्लेषक फ्रॉइडच्या आवडत्या किश्शात दिसतं. सोमवारी सकाळी एका गुन्हेगाराला फाशी द्यायला नेत आहेत. तो म्हणतो, "वा, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली." वाक्य तेच ठेवा आणि ते फास आवळणाऱ्याच्या तोंडी घाला. हसू तत्काळ आंबतं. जर्मन भाषेत या जातीच्या विनोदाला 'फासाचा विनोद' असाच शब्द आहे, आणि त्यांनी तो ज्याच्या मानेभोवती फास आहे त्याच्याकडून घेतलाय.

'ब्लॅक ह्युमर'च्या उगमाबद्दल दोन ओळी पुरेत. ह्युमर म्हणजे मुळात ओल, द्रव. जुन्या युरोपी वैद्यकात शरीरात चार द्रव मानत, त्यांतलं एक काळं पित्त. ग्रीक 'मेलास' म्हणजे काळा आणि 'खोले' म्हणजे पित्त, यांतून मेलँकोली आली. म्हणजे अक्षरशः पाहिलं तर 'ब्लॅक ह्युमर'चा अर्थ होतो खिन्नता! फ्रेंच अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेताँने १९४० मध्ये या नावाचा वेच्यांचा संग्रह छापला तेव्हा फ्रान्सच्या नाझीधार्जिण्या विशी सरकारने तो अडवला. ब्रेताँ सुरुवात करतो स्विफ्टपासून, ज्याने १७२९ मध्ये आयर्लंडमधल्या गरिबांची मुलं श्रीमंतांना जेवणासाठी विकावीत असा हिशेबासकट प्रस्ताव उपरोधाने मांडला होता. आपला 'रस'ही द्रवच, हे लक्षात घ्या. पण 'ब्लॅक ह्युमर' हा त्यांचा माल झाला. मला घाई आहे ती 'विनोद'कडे जायची.

विनोद या शब्दाचा आनंदाशी जन्माने काहीही संबंध नाही. आमोद, प्रमोद, विनोद अशी तीन भावांची नावं ठेवतात. त्यांतले पहिले दोघे 'मुद्' धातूचे, सख्खे. तिसरा दत्तक. तो 'नुद्' धातूचा. नुद् म्हणजे ढकलणं, रेटणं. वि + नुद् म्हणजे दूर ढकलणं, घालवून देणं. हाच धातू गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाच्या तोंडी आहे: 'न हि प्रपश्यामि ममापनुद्याद् यच्छोकम्'. माझा हा शोक दूर सारील असं काही मला दिसत नाही. ते 'अपनुद्यात्' आणि आपला 'विनोद' एकाच घरातले. तेव्हा विनोद हे हसण्याचं नाव नाही, ते रेटण्याचं नाव आहे. काय रेटायचं हे शब्दात सांगितलेलं नाही.

कालिदास सांगतो. मेघदूताच्या उत्तरमेघात यक्षाची बायको उंबरठ्यावर वाहिलेली फुलं जमिनीवर मांडून विरहाचे किती महिने उरले ते मोजत बसलेली असेल, असं यक्षाला वाटतं. आणि मग ओळ येते: 'प्रायेणैते रमणविरहेष्वङ्गनानां विनोदाः'. विरहात बायकांचे विनोद हे असे असतात. शाळेत ही ओळ वाचताना आमच्या वर्गात खसखस पिकली होती, कारण 'विनोद' म्हणजे चुटका एवढंच आम्हाला ठाऊक. ती बाई हसत नाहीये. ती एकेक फूल सरकवून काळ ढकलते आहे.

काळ. इथे माझं घोडं अडतं आणि मला अडू द्या. यक्षपत्नी ढकलते तो काळ म्हणजे वेळ. फासावर जाणारा ढकलतो तो काळ म्हणजे मृत्यू. मराठीत दोघांना एकच शब्द, आणि 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' असं म्हणून आपण त्यांची फारकतही करतो. रंगवाचक काळा आणि हा काळ एकाच मुळाचे की निराळे, यावर पंडितांत एकमत नाही. मला त्याची गरजही नाही. माझं म्हणणं साधं आहे. 'काळा विनोद'मधला एक काना काढा. 'काळविनोद'. काळाला ढकलणारा, काळाच्या अंगावर जाऊन केलेला विनोद.

हे मी माझ्या एका कोशकार स्नेह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, कालविनोद म्हणजे टाइमपास." बरोबर आहे! अगदी बरोबर. टाइमपासही काळच ढकलतो, फक्त हलका काळ. त्यांना वाटलं त्यांनी मला अडवलं. त्यांनी माझा मुद्दा सिद्ध करून दिला.

भरतमुनी माझ्या बाजूचे आहेत. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसांचे रंग दिलेत: हास्य पांढरा, भयानक काळा, बीभत्स निळा. म्हणजे 'कृष्ण' म्हणताना कोशकारांनी नकळत भयानकाचाच रंग उचलला, याचं श्रेय त्यांना देऊन टाकतो. पण पुढे देवता पाहा. भयानकाची देवता काल. बीभत्साची महाकाल. आणि हास्याची? प्रमथ, शिवाचे गण. नावातच मथणं, घुसळणं, छळणं आहे. हसण्याचा कारभार भरताने भुतांच्या टोळीकडे दिला होता. पांढराशुभ्र निरागस विनोद ही आपली नंतरची समजूत.

चौदाव्या शतकातला विश्वनाथ मात्र साहित्यदर्पणात नियम घालतो: 'भयानकेन करुणेनापि हास्यो विरोधभाक्'. हास्याचं भयानकाशी आणि करुणाशी वैर. याच नियमाचा आधार घेऊन काही अभ्यासक ठासून सांगतात की असल्या विनोदाला आपल्या परंपरेत जागाच नव्हती. या मंडळींनी नियम वाचला, नाटकं वाचली नाहीत. सातव्या शतकातल्या पल्लव राजा महेंद्रवर्म्याचं 'मत्तविलास' प्रहसन उघडा. एक झिंगलेला कापालिक, म्हणजे कवटी बाळगणारा शैव साधू, त्याचं भिक्षापात्र म्हणजे माणसाची कवटी, आणि ती हरवली आहे. तो एका बौद्ध भिक्षूवर चोरीचा आळ घेतो, भांडणं होतात, तत्त्वज्ञान झाडलं जातं. शेवटी कवटी निघते कुठून? आत मांस होतं म्हणून ती कुत्र्याने पळवलेली, आणि कुत्र्याकडून ती एका वेड्याने हिसकावलेली. 'भगवदज्जुकम्' या दुसऱ्या संस्कृत प्रहसनात तर यमाचा दूत चुकीच्या बाईचा जीव नेतो, चूक निस्तरायला परत येतो तोवर तिच्या मृतदेहात योगी शिरून बसलेला, म्हणून तो तिचा जीव योग्याच्या रिकाम्या देहात कोंबतो. मृत्यूच्या कचेरीतला कारकुनी घोळ! आज कुणी यावर चित्रपट काढला तर त्याच्या वर्णनात 'गडद विनोदी' लिहून येईल.

शिवाय विश्वनाथाच्या यादीत एक फट आहे. त्याने हास्याचं वैर भयानकाशी लावलं, करुणाशी लावलं, बीभत्साशी लावलंच नाही. बीभत्साचं वैर फक्त शृंगाराशी. ही फट मला फार आवडते, कारण बीभत्स हाही रेटण्याचाच शब्द आहे. पाणिनी त्याचा धातू 'बध्' देतो, आधुनिक कोश 'बाध्'कडे बोट दाखवतात. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. बाध् म्हणजे रेटणं, पिडणं. त्याचं इच्छार्थक रूप बीभत्सते, किळस येऊन मागे सरणं. ज्या सूत्राने 'मीमांसा' सिद्ध होते त्याच सूत्राने 'बीभत्स' सिद्ध होतो. विचार आणि किळस एका पाळण्यात. मघाचा शोक करणारा अर्जुन, त्याचंच एक नाव बीभत्सु, कारण विराटपर्वात तो स्वतः सांगतो की युद्धात मी बीभत्स कर्म कधी करत नाही. तेव्हा बीभत्सात आपण वस्तूपासून मागे सरतो, विनोदात वस्तूला मागे सारतो. चांगल्या काळविनोदात दोन्ही एकाच क्षणी घडतं आणि प्रेक्षक जागच्या जागी थरथरतो. आणि हो, बीभत्स म्हणजे अश्लील नव्हे. तो वेगळा गुन्हा आहे, त्यावर वेगळं लिहीन.

'जाने भी दो यारो' (१९८३) आठवा. कमिशनर डिमेलोचं प्रेत रंगमंचावर द्रौपदी म्हणून उभं आहे, आणि सज्जन-दुर्जन सगळे नाटकात घुसून त्या एका प्रेतावर हक्क सांगताहेत. आपण प्रेताला हसत नाही. प्रेत तर त्या गर्दीतलं सगळ्यात सभ्य पात्र आहे. आणि शेवटी दोघे निरपराध फोटोग्राफर कैद्यांच्या कपड्यांत दिसतात तेव्हा इतका वेळ ढकलून ठेवलेलं सगळं एकदम अंगावर येतं. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'ची (१९६४) कथा उलट्या बाजूने हेच सांगते. मूळ कादंबरी १९५८ची, अणुयुद्धावरची, पूर्ण गंभीर. दिग्दर्शक कुब्रिकही गंभीर पटकथाच लिहायला बसला होता. पण खरेपणाने लिहायला जावं तिथे प्रसंग हास्यास्पद होत होते, आणि ते गाळावेत तर सत्यच गळत होतं. शेवटी त्याने हास्य ठेवलं. जगबुडीकडे सरळ बघवत नव्हतं, म्हणून ती ढकलत ढकलत दाखवली. वि + नुद्.

तेव्हा परीक्षा सोपी. पडद्यावर मरण, खून, प्रेत आहे म्हणून चित्रपट काळविनोदी होत नाही. मध्येच दोन चुटके टाकलेला खूनपट हा चुटके टाकलेला खूनपटच. ढकलायला खरोखरचं वजन समोर हवं.

तुम्हाला छापायला शब्द हवा होता, नाही का. 'काळ्या विनोदाचा चित्रपट' बिनधोक लिहा. 'काळविनोद' लिहिलात तर पत्रं येतील, ती माझ्याकडे पाठवा. लिंगाचं राहिलंच: 'डार्क कॉमेडी' स्त्रीलिंगी, ट्रॅजेडीसारखी, 'डार्क ह्युमर' पुल्लिंगी. आणि 'बीभत्स'मधला बी दीर्घ.